शाळेच्या आठवणी : इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन

आपल्या समाजातील शिक्षणसंस्थांची परंपरा आता जुनी झाली आहे. मुंबईत १८७४ साली बदरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मुहम्मद अली रोगे आदी मंडळींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. तेव्हापासून शहरांत, तालुक्याच्या गावी आणि कोकणातल्या खाडीकाठच्या वस्त्यांतसुद्धा लहानमोठ्या संस्था उभ्या राहिल्या. या संस्थांच्या वार्षिक स्मरणिका चाळल्या तर त्यांत बरेच काही सापडते. इमारत-निधीचा हिशोब असतो, देणगीदारांची नावे असतात, शालान्त परीक्षेच्या निकालाची टक्केवारी असते, पाहुण्यांचे शुभसंदेश असतात. तथापि या शाळेत शिकताना मुलाला काय वाटले, कोणत्या शिक्षकाने त्याला कसे वाढवले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. ती असते माजी विद्यार्थ्यांच्या मनात. ती माणसे गेली की तीही जाते.

शाळेची आठवण म्हणजे निवृत्त माणसांचा फावल्या वेळचा विरंगुळा, अशी आपली समजूत असते. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे. माजी विद्यार्थ्याची आठवण हा इतिहासाचा पुरावा आहे, आणि मूल शाळेत का टिकते या प्रश्नाचे उत्तर त्या पुराव्यातच मिळते. हे सांगण्यासाठी तीन विद्यार्थ्यांची उदाहरणे घेतो. धोंडो केशव कर्वे, झाकिर हुसेन आणि अबुल पाकिर जैनुलाब्दीन अब्दुल कलाम. तिघांनाही पुढे भारतरत्न हा किताब मिळाला. कर्व्यांना १९५८ साली, झाकिर हुसेन यांना १९६३ साली आणि कलाम यांना १९९७ साली. परंतु येथे त्यांच्या मोठेपणाचे गुणगान करायचे नाही. ते मोठे होण्यापूर्वी, माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर असताना, त्यांच्या बाबतीत काय घडले तेवढेच पाहायचे आहे.

मुरुडचे सोमण गुरुजी

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे मुरुड हे समुद्रकाठचे गाव. कर्व्यांचे बालपण तेथे गेले. घरची स्थिती बेताची. कर्व्यांनी आपले ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी आपल्या मराठी शाळेतील विनायक लक्ष्मण सोमण या गुरुजींविषयी कृतज्ञतेने लिहिले आहे. सोमण गुरुजी केवळ धडे देऊन थांबत नसत. गावाच्या कामात मुलांना ओढावे, त्यांच्या अंगावर जबाबदारी टाकावी, अशी त्यांची रीत होती. गावकऱ्यांना देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम त्यांनी धोंडूवर सोपवले होते. वृत्तपत्र विकत घेणे ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती, अशा काळातली ही हकीकत आहे. ज्या मुलाचा आवाज सारा गाव ऐकतो, त्या मुलाला आपणही कोणी आहोत असे वाटू लागते. पाठ्यपुस्तकातून हे शिकवता येत नाही.

मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेला बसण्यासाठी १८७५ च्या सुमारास कर्वे आणि त्यांचे सोबती मुरुडहून निघाले. मुंबईस जावे तर हवा बिघडल्यामुळे समुद्रमार्ग बंद, म्हणून त्यांनी साताऱ्याची वाट धरली. शंभर मैलांहून अधिक अंतर, मध्ये सह्याद्रीचे घाट, आणि सारा प्रवास पायी! इतके करून परीक्षेच्या ठिकाणी पोहोचल्यावर, मुलगा अंगाने लहान दिसतो, याचे वय कमी असावे, असे म्हणून समितीच्या प्रमुखाने त्यांना परत पाठवले. कर्वे आल्या पावली परतले, पण त्यांनी नाद सोडला नाही. पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. नंतर इंग्रजी शिक्षणासाठी रत्नागिरी आणि मग मुंबईची रॉबर्ट मनी शाळा करीत ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले.

तेविसाव्या वर्षी मॅट्रिक! आज एखाद्या मुलाचे एक वर्ष वाया गेले तरी घरात चर्चा सुरू होते की आता याला कामाला लावावे. पालकबंधूंनी कर्व्यांचे हे वय ध्यानात ठेवावे. पुढे याच माणसाने फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले आणि १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना केली. शिवाय आपल्या गावाच्या हितासाठी ‘मुरुड फंड’ उभारून सोमण गुरुजींच्या शिकवणुकीचे ऋण गावालाच फेडण्याचा प्रयत्न केला.

इटाव्याचे वसतिगृह

दुसरा विद्यार्थी उत्तर हिंदुस्थानातला. झाकिर हुसेन यांचा जन्म १८९७ साली हैदराबादेत झाला. घराणे मूळचे संयुक्त प्रांतातील कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान वकील होते. ते १९०७ साली वारले तेव्हा झाकिर अवघे दहा वर्षांचे होते. कुटुंब कायमगंजला परतले आणि भावांची रवानगी इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये झाली. ही शाळा मौलवी बशीरुद्दीन यांनी मोठ्या कष्टाने चालवली होती. वसतिगृहातील राहणी साधी, शिस्त कडक, नमाजाच्या वेळा ठरलेल्या. मुले तेथे शिकत असतानाच १९११ साली प्लेगच्या साथीत त्यांची आईही गेली. चौदाव्या वर्षी झाकिर हुसेन मायबापांना पोरके झाले.

अशा मुलाला शाळा हेच घर होते. मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांचा उल्लेख झाकिर हुसेन पुढे आयुष्यभर आदराने करीत राहिले. त्यांनी स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या शाळेच्या दिवसांची माहिती आपणास मिळते ती मुख्यत्वे त्यांचे जामियातील सहकारी प्राध्यापक मुहम्मद मुजीब यांनी लिहिलेल्या, १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून. वर्गाबाहेरचा एक गुरूही त्यांना याच काळात लाभला. सूफी हसन शाह नावाचे हे फिरस्ते गृहस्थ ग्रंथांचे मोठे वेडे होते. त्यांच्यासाठी झाकिर हुसेन हस्तलिखितांच्या नकला उतरवून देत. अक्षरन् अक्षर उतरवताना वाचनाची गोडी लागली आणि सुबक अक्षराची दृष्टी आली, ती जन्मभर टिकली.

हे पोरकेपण आणि हे वसतिगृह त्यांच्या पुढील कार्यात दिसल्यावाचून राहत नाही. जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना १९२० साली अलीगढ येथे झाली आणि १९२५ साली ती दिल्लीस हलली. पैशाअभावी संस्था बंद करावी असा विचार चालू होता. त्या वेळी झाकिर हुसेन जर्मनीत शिकत होते. आपण व आपले मित्र परत येऊन संस्थेला वाहून घेऊ, असे त्यांनी कळवले आणि १९२६ साली कुलगुरुपदाची सूत्रे हाती घेतली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेता वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. त्यांच्याविषयीची एक गोष्ट जामियाच्या परिवारात पुढे सांगितली जात राहिली. मुले मळके बूट घालून येत. बोलून उपयोग होईना, तेव्हा कुलगुरू स्वतः फाटकाशी ब्रश आणि पॉलिश घेऊन बसले. त्यांनी कोणाला शिक्षा केली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बूट स्वच्छ झाले. इटाव्याचा पोरका विद्यार्थी आता दुसऱ्यांच्या आठवणीतला गुरुजी झाला होता.

महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला तो शिक्षणाच्याच निमित्ताने. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. गांधीजींच्या कल्पनेतील काही मुद्द्यांवर झाकिर हुसेन यांनी त्यांच्यासमोरच स्पष्ट मतभेद नोंदवले. तरीसुद्धा, किंबहुना म्हणूनच, योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हस्तव्यवसायातून आणि मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण, ही मूलोद्योग शिक्षणाची योजना याच समितीने मांडली. पुढे १९६७ साली ते राष्ट्रपती झाले. १९६९ साली त्याच पदावर असताना त्यांचे निधन झाले.

रामनाथपुरमचे सॉलोमन सर

तिसरा विद्यार्थी दक्षिणेकडचा. अब्दुल कलाम यांचा जन्म १९३१ साली रामेश्वरम् येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत रामेश्वरम् स्टेशनावर गाडी थांबणे बंद झाले, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करण्याच्या कामी तो मुलगा आपल्या समसुद्दीन या नातलगाला मदत करी. त्याची पहिली कमाई तीच. सोमण गुरुजींच्या धोंडूप्रमाणे या मुलाच्याही बालपणात वर्तमानपत्र यावे, हा योगायोग मोठा गोड आहे.

प्राथमिक शिक्षणानंतर पुढे शिकायचे तर घर सोडून जिल्ह्याच्या गावी रामनाथपुरमला जाणे भाग होते. तेथील श्वार्ट्झ हायस्कूल हे अठराव्या शतकातील मिशनरी क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या नावाने ओळखले जाते. जलालुद्दीन या वडीलधाऱ्या स्नेह्याने, जे पुढे कलाम यांचे मेहुणे झाले, सोबत जाऊन मुलाला शाळेत घातले. मुलाला करमेना. आईच्या हातच्या गोड पोळ्यांची आठवण येई, संधी मिळताच तो घरी पळे. पण मुलगा कलेक्टर व्हावा ही वडिलांची इच्छा होती, आणि ती आठवून तो मन आवरी.

या परक्या गावात त्याला इयादुराई सॉलोमन हे शिक्षक भेटले. मनात तीव्र इच्छा हवी, तिच्यावर श्रद्धा हवी आणि ती फळेल अशी अपेक्षा हवी, ही त्यांची शिकवण कलाम यांनी ‘अग्निपंख’ या आपल्या आत्मचरित्रात आवर्जून नोंदवली आहे. या शिक्षकामुळे आपल्या ठिकाणी आत्मविश्वास आला, असे ते सांगतात. दुसरे रामकृष्ण अय्यर. ते गणित शिकवीत. एकदा ते दुसऱ्या वर्गाला शिकवत असताना हा मुलगा नकळत त्या वर्गात शिरला. सरांनी त्याला धरून सर्वांदेखत छडीचा प्रसाद दिला. काही महिन्यांनी त्याच मुलाला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले. तेव्हा सरांनी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर तो छडीचा प्रसंग स्वतः सांगितला आणि हा मुलगा शाळेचे व शिक्षकांचे नाव काढील असे जाहीर केले. छडीचे समर्थन कोणी करू नये. आज कायदाही ते करीत नाही. परंतु चारचौघांत अपमान झाला असेल तर सन्मानही चारचौघांतच झाला पाहिजे, हे त्या शिक्षकाला कळत होते.

मुसलमान मुलगा, ख्रिस्ती मिशनऱ्याच्या नावाची शाळा, एक शिक्षक ख्रिस्ती आणि एक ब्राह्मण! कलाम यांच्या आठवणीत या चौघांमध्ये भिंत नाही. आपल्या संस्था समाजाच्या नावाने चालतात हे खरे. पण इल्म कोणाकडूनही घ्यावे आणि कोणालाही द्यावे, हा आपला जुना संस्कार आहे. आपल्या शाळांतूनही कित्येक हिंदू गुरुजींनी हयात घालवली आहे. त्यांच्या आठवणीही लिहून ठेवण्याजोग्या आहेत.

या आठवणी काय सांगतात?

तिन्ही हकीकती शेजारी ठेवल्या की काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की तिघांनाही माध्यमिक शिक्षणासाठी घर सोडावे लागले. त्या काळी हायस्कूल गावात नसे. त्यामुळे शिकणे म्हणजे प्रथम दूर जाणे, दुसऱ्याच्या छपराखाली राहणे. दुसरी गोष्ट अशी की तिघांच्याही मार्गात त्याच सुमारास शाळा सुटण्याचा खराखुरा प्रसंग आला होता. एकाला परीक्षेच्या दारातून परत पाठवले, दुसऱ्याचे आईवडील गेले, तिसऱ्याचा जीव घराकडे ओढत होता. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिघांनाही आठवतो तो गुरुजींचा विश्वास. सोमण गुरुजींनी काम दिले, अल्ताफ हुसेन यांच्या शाळेने पोरक्या मुलाला आसरा दिला, सॉलोमन सरांनी धीर दिला. अभ्यासक्रमात यांपैकी एकही विषय नव्हता.

आज रस्त्याचे अंतर पुष्कळ कमी झाले आहे, पण उंबरठा मात्र तिथेच आहे. २००९ चा बालशिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीच्या दारात कायद्याचा हात सुटतो, आणि नेमके तेथूनच माध्यमिक शिक्षणाचे अवघड वळण सुरू होते. न्यायमूर्ती सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालात असे दाखवून दिले होते की सहा ते चौदा वयोगटातील मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती, अथवा मध्येच शाळा सोडून गेली होती. हा आकडा त्या काळचा आहे. परंतु आकड्यामागे गळती का होते, हे आकडा सांगत नाही. ते आठवण सांगते. आणि मूल का टिकले, हेही आठवणच सांगते.

ज्यांच्या आठवणी लिहिल्याच गेल्या नाहीत

येथे एक उणीव मान्य केली पाहिजे. वरील तिन्ही विद्यार्थी मुलगे आहेत. त्यांच्या बहिणींच्या शाळेच्या आठवणी कोठे आहेत? कलाम यांना मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्रवेश मिळाला तेव्हा सुमारे हजार रुपयांची गरज होती. वडिलांकडे तेवढे नव्हते. त्यांची बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. भावाने हे ऋण पुस्तकात नोंदवून ठेवले, हा त्याचा मोठेपणा. पण त्या बहिणीचे स्वतःचे शिक्षण, तिची शाळा, तिचे गुरुजी यांविषयी आपणास वाचायला मिळत नाही. आपल्या घराघरांत अशा जोहरा आहेत. कोणाचे दागिने गेले, कोणाची शाळा गेली, आणि भाऊ शिकले.

स्त्रीने आठवण लिहिली की इतिहासाला काय मिळते, याचे उदाहरण कर्व्यांच्याच घरात आहे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई उर्फ बाया या बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींत त्यांची गणना होते. १८९३ साली कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. पुढे त्यांनी ‘माझे पुराण’ या पुस्तकात आपली जीवनकथा आपल्याच शब्दांत सांगितली. मोठ्या वयात अक्षरओळख करून घेणाऱ्या बाईला शाळा कशी दिसते, हे कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. ते त्या पुस्तकात सापडते. आपल्या समाजातील ज्या मुली पहिल्यांदा हायस्कुलात गेल्या, त्या आज कोणाच्या आजी आहेत, कोणाच्या नानी आहेत. त्यांना विचारायला हवे, आणि लवकर विचारायला हवे.

आपण काय करावे?

विद्यार्थीमित्रांनो, हे काम तुमचे आहे. सुट्टीत वही-पेन्सिल घेऊन घरातल्या व मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांकडे बसा. शाळा कशी होती असे मोघम विचारले तर उत्तरही मोघम मिळते. म्हणून नेमके विचारा. शाळेत कशाने जात होता? होडीने, पायी की एसटीने? फी किती होती आणि ती कोणी भरली? दुपारच्या सुट्टीत काय खात होता? घरी दक्षिणी उर्दू किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला वर्गातली पुस्तकी भाषा पहिल्या दिवशी कशी वाटली? कोणत्या गुरुजींनी मारले आणि कोणी जवळ घेतले? दहावीनंतर काय, हे कोणी ठरवले?

मिळालेल्या उत्तरांची पडताळणीही करा. माणसाची स्मृती दगा देते. साल मागेपुढे होते, ऐकलेली गोष्ट पाहिलेली वाटू लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची तारीख असते, जुने छायाचित्र असते, शाळा सोडल्याचा दाखला असतो. दोन्ही जुळवून पाहिले म्हणजे आठवणीचा इतिहास होतो. संस्थेच्या चालकांनीही स्मरणिकेची काही पाने दरवर्षी केवळ या कामासाठी राखून ठेवावीत. जाहिरातीचे एखादे पान कमी झाले तरी चालेल.

आणि एक शेवटची सूचना. आपण आठवणी गोळा करतो त्या बहुधा यशस्वी माणसांच्या. डॉक्टर झालेल्यांच्या, परदेशी गेलेल्यांच्या, व्यासपीठावर बसणाऱ्यांच्या. ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्गात, त्याच बाकावर शेजारी बसणारा आणि आठवीत किंवा नववीत शाळा सोडून जहाजावर, गॅरेजमध्ये वा मासळीच्या धंद्यात गेलेला जो सोबती आहे, त्यालाही जाऊन विचारा. तो कोणत्या दिवशी शाळेत यायचा थांबला? त्या दिवशी त्याला बोलवायला कोणी गेले होते का? त्याचे उत्तर ऐकायला कदाचित बरे वाटणार नाही. पण या वर्षी नववीत बसलेल्या मुलामुलींसाठी आपल्या संस्थेला त्याच उत्तराची सर्वांत जास्त गरज आहे.